संगणकाच्या पडद्यावरील रंगविकृती : कारणमीमांसा व परीक्षणपद्धती

सूक्ष्मदर्शकाखालील रंजित ऊती, शैलांचे पातळ छेद अथवा उपग्रहचित्रे यांचे परीक्षण आता बहुशः संगणकाच्या पडद्यावरच होते. अशा परीक्षणात रंग हाच पुरावा असतो. पडदा खोटा रंग दाखवीत असेल, तर दोष साधनाचा असूनही अनुमान मात्र पदार्थाविषयीचे चुकते. म्हणून या विकृतीचे मूळ शोधण्याची पद्धत संशोधकास अवगत असणे आवश्यक आहे.

तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने रंगीत चित्र सिद्ध होते, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६१ साली लंडन येथे प्रयोगाने दाखविले. पडद्यावरील प्रत्येक बिंदू याच तत्त्वावर प्रकाशतो. सामान्यतः प्रत्येक घटकाचे मूल्य ० ते २५५ या मर्यादेत असते. ही मूल्ये संगणकाच्या स्मृतीतून ग्राफिक्स कार्ड, केबल व मॉनिटरमधील मंडले या मार्गाने पडद्यापर्यंत पोहोचतात. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की या मार्गात रंग नेमका कोठे बिघडला?

याचा निर्णय दोन सोप्या परीक्षांनी बव्हंशी होतो. पहिली अशी, की पडद्यावरील दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या, निर्दोष मॉनिटरवर पाहावा. तेथेही रंग चुकीचेच दिसल्यास दोष मूळ प्रतिमेत अथवा आज्ञावलीत आहे. बरोबर दिसल्यास तो पुढील टप्प्यांत आहे. दुसरी परीक्षा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूची होय. हा मेनू मॉनिटरमध्येच निर्माण होत असल्याने त्याचे रंग शुद्ध व चित्राचे अशुद्ध असतील, तर बाहेरून येणाऱ्या संकेताविषयी संशय घ्यावा.

व्हीजीए केबलमध्ये १५ पिना असून पहिल्या तीन अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा संकेत वाहतात. त्यांपैकी एक तुटल्यास पांढऱ्या पृष्ठावर त्या रंगाचा पूरक रंग उमटतो : तांबडा नष्ट झाल्यास निळसर-हिरवा, हिरवा नष्ट झाल्यास गुलबक्षी आणि निळा नष्ट झाल्यास पिवळा. काळा भाग मात्र काळाच राहतो. एचडीएमआय केबलमध्ये संकेत अंकीय असल्याने दोषाचे स्वरूप निराळे असते. प्रेषक १६ ते २३५ ही मर्यादा वापरीत असून मॉनिटर ० ते २५५ गृहीत धरीत असेल, तर काळा रंग करडा व चित्र फिके दिसते. उलट स्थितीत गडद छटांतील तपशील लोपतो.

केबल निर्दोष असल्यास मांडणीकडे वळावे. रात्रीच्या वेळी निळा प्रकाश घटविणारी सोय चालू राहिल्यास सर्व चित्र पिवळसर होते. सामान्यतः स्क्रीनशॉटमध्ये हा फरक उतरत नाही. चुकीचे रंग-प्रोफाइल जोडल्यानेही विकृती येते. १९९९ साली प्रमाणित झालेल्या एसआरजीबी पद्धतीत पांढऱ्या रंगाचे तापमान सुमारे ६५०० केल्विन धरले असून तिचा गॅमा सुमारे २.२ आहे. मॉनिटरची मांडणी याच मानाशी ताडून पाहावी.

तथापि, दोषाचे स्थान निश्चित होण्यापूर्वीच मॉनिटरचे रंग कमीअधिक करून चित्र डोळ्यांना बरे दिसेल असे करणे सर्वस्वी अयोग्य होय. त्यायोगे मूळ दोष झाकला जातो आणि एका दोषाचे दोन होतात. प्रथम स्थाननिश्चिती, नंतर दुरुस्ती व शेवटी रंगमापकाने अंशशोधन, हाच क्रम शास्त्रशुद्ध ठरतो.