तव्यासमोरचं टेबल

लहान मूल बरोबर असेल तर हॉटेलात खिडकीजवळची जागा मागू नये, तवा दिसेल अशी मागावी. सॅन होजेत आमच्या घरापासून दोन चौक पलीकडे, पूर्वी लाँड्री होती त्या गाळ्यात नवं मेक्सिकन हॉटेल सुरू झालंय. कॅलिफोर्नियात मेक्सिकन जेवणाचं अप्रूप ते काय! पण इथे टॉर्टिया गिऱ्हाइकांसमोर होतात, आणि त्याही पाकिटातल्या पिठाच्या नाहीत.

बसल्याबसल्या चिप्सची टोपली येते. ही फुकटची टोपली अमेरिकेतली रीत, आणि मुलांच्या जेवणाची वैरीण. सहा वर्षांच्या लेकीसमोरून मी ती सरकवली आणि वेट्रेसची नेहमीची उलटतपासणी सुरू केली: बीन्समध्ये डुकराची चरबी असते का? भात कोंबडीच्या पाण्यात शिजवता का? इथल्या शाकाहारी मराठी माणसाला हे प्रश्न तोंडपाठ असतात. बीन्स तेलातले निघाले, भात गेला. मुलांसाठीचा वेगळा मेन्यू चिकन नगेट्सपासून सुरू होत होता. पोरांना जीभच नसते असं समजून छापलेला तो कागद मी लेकीला रंगवायला दिला. तिने तो रंगवलाही नाही. ती तव्याकडे बघत होती.

तव्यामागे साठीच्या बाई. लिंबाएवढा गोळा तोडायचा, तळव्यात गोल करायचा, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये घालून लोखंडी दाबयंत्रात ठेवायचा आणि दांडा दाबायचा. एवढ्यावर थांबत नाहीत. बिजागरीच्या बाजूला चकती पातळ होते, म्हणून ती अर्धी फिरवून पुन्हा हलकेच दाबतात. मग प्लास्टिक सोलून चकती हातावर घेतात आणि तव्यावर सोडताना हात झर्रकन मागे ओढतात, नाहीतर घडी पडते. पहिली बाजू जेमतेम पंधरा सेकंद, कडा सुटेपर्यंत. दुसरी जास्त वेळ, डाग पडेपर्यंत. पुन्हा उलटली की मधोमध बोटांची एक टपली, आणि टॉर्टिया टम्म. थोड्या थोड्या वेळाने बाई बोटं पाण्यात बुडवून पीठ परत मळतात. शेजारच्या तव्याच्या धगीने ते वाळतं, आणि वाळलं की कडा चिरतात.

‘‘आई, भाकरी फुगली!’’

फुगण्यापुरतं तिचं बरोबर होतं. पण मक्याची भाकरी थापणाऱ्या कुणालाही विचारा, मक्याच्या पिठाला चिकटा नसतो, कडा फाटतात. मग ही चकती इतकी पातळ होऊनही एकसंध कशी राहते? दुपारचे तीन वाजून गेले होते, गर्दी नव्हती. मी विचारल्यावर मालक आम्हाला सरळ मागे घेऊन गेले.

तिथे पातेल्यात दुसऱ्या दिवसाचा मका चुन्याच्या पाण्यात पडलेला होता. विरवलेला चुना, आपण पानाला लावतो तोच. मक्याच्या वजनाच्या साधारण शेकडा एक. त्यात मका थोडा शिजवायचा, पूर्ण नाही, आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा. सकाळी चोळून धुतला की साल सुटून जाते. मग ओला मकाच दगडांमध्ये दळायचा. ज्वालामुखीच्या खडकाच्या त्या दोन गोल दगडांना खाचा असतात. झिजल्या की पुन्हा टाकी लावावी लागते, आणि ते काम मालक स्वतःच करतात. सालीतला आणि दाण्यातला चिकट अंश चुन्याने मोकळा होतो, म्हणून पीठ धरून राहतं. हा सगळा खटाटोप टाळायचा तर तयार कोरडं पीठ मिळतं. मेक्सिकोतली ग्रुमा कंपनी ते 1949 पासून विकते आणि बहुतेक हॉटेलं असंच पीठ वापरतात. वासात फरक पडतो, माझ्या मते चांगलाच पडतो.

चुन्याचं काम केवळ पिठापुरतं नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही, चुन्याने ते मोकळं होतं. मेक्सिकोतल्या लोकांनी हजारो वर्षं मका असाच खाल्ला. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, चुना मागेच राहिला. मग स्पेन-इटलीतल्या, आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटणारा, शेवटी वेड लावणारा हा रोग. स्पॅनिश वैद्य गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो नायसिनच्या अभावाने होतो हे कळायला 1937 उजाडावं लागलं. यातलं मी लेकीला फक्त चुन्यापर्यंत सांगितलं. ‘‘आजोबांच्या डबीतला?’’ एवढंच तिने विचारलं.

जेवणात भोपळ्याच्या फुलांची केसाडिया होती आणि निवडुंगाचे टाको. निवडुंग तिने बोटाने दाबून बघितला, बुळबुळीत म्हणून परत केला. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, ज्याला इथे हमायका म्हणतात, ते मात्र माझाही पेला ओढून प्यायली.

निघताना बाईंनी तिला एक गोळा दिला. तिने तो यंत्रात घातला आणि दांड्याला अक्षरशः लोंबकळली. चकती एका बाजूला कागदासारखी, दुसऱ्या बाजूला जाड. तव्यावर ती फुगली नाही. बाईंनी ती तशीच भाजली, वर मीठ भुरभुरवलं, गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली. मेक्सिकोत टॉर्टियाच्या दुकानात आलेल्या पोरांना अशी मिठाची गुंडाळी देतात, मालक म्हणाले. निवडुंग नाकारणारी माझी लेक ती उभ्या उभ्या खाऊन मोकळी झाली आणि दुसऱ्या गोळ्यासाठी हात पुढे केला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.