जमिनीखालचे पाणी आणि त्याची नोंदवही

पाण्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा पाऊस आणि धरणे यांच्याभोवतीच फिरत राहते. प्रत्यक्षात खेड्यापाड्यांतील पिण्याच्या पाण्याचा फार मोठा भार विहिरी, विंधन विहिरी आणि हातपंप यांवर आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या या साठ्याचा अभ्यास करण्याचे काम राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. 1970 च्या दशकाच्या आरंभी, दुष्काळाच्या छायेत, ती आकारास आली. तिचे मुख्यालय पुण्यात असून जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ भूवैज्ञानिकांची कार्यालये आहेत. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतून आलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना या यंत्रणेची ओळख असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम आपल्या पायांखालचा खडक समजून घेऊ. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसॉल्ट या खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि हा काळा पाषाण तयार झाला. तो स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या मुरुमात. त्यामुळे एका शेतातील विहिरीला भरपूर पाणी लागते आणि शंभर पावलांवरील दुसरी कोरडी जाते. जमिनीखाली सर्वत्र अखंड नदी वाहत असते, हा समज खरा नाही.

हा साठा किती लहान आहे, हे साध्या गणिताने कळते. झिजलेल्या बेसॉल्टच्या आकारमानापैकी ढोबळमानाने 2 टक्के एवढेच पाणी उपसून मिळते; वाळूमिश्रित गाळाच्या थरात हे प्रमाण 16 टक्क्यांपर्यंत धरले जाते. एक हेक्टर क्षेत्रातील एक मीटर जाडीचा थर म्हणजे 10,000 घनमीटर खडक. त्यातून मिळणारे पाणी 200 घनमीटर, म्हणजे 2 लाख लिटर. उलट बाजूने पाहिले तर अवघे 20 मिलिमीटर पाणी खडकापर्यंत मुरले, की विहिरीची पातळी एक मीटरने वर येते. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर उन्हाळ्यात तळ का गाठते, याचे उत्तर या हिशेबात आहे. भरलेली विहीर ही विपुलतेची खूण नव्हे. भांडेच लहान आहे.

म्हणूनच या यंत्रणेच्या कामाचा पाया आहे नियमित मोजणी. राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून त्यांत साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरी निश्चित केलेल्या आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजली जाते. ऑक्टोबरमधील पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली जाते, पावसाची तूट विचारात घेतली जाते आणि कोणत्या गावांत केव्हा टंचाई भासेल याचा अंदाज वर्तविला जातो. टँकरची मागणी एप्रिलमध्ये होते. तिची चाहूल या नोंदवहीत दिवाळीच्या सुमारासच लागलेली असते. पाण्याचे रासायनिक परीक्षणही होते. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणी आढळणारे फ्लोराइड चवीवरून ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

येथवरचा विषय शास्त्राचा झाला. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांस त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. 1882 च्या सुखाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हक्काशी जोडले गेले. मग ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचे पाणी कोणते? भूमिहीनाच्या वाट्याला येतो तो वस्तीवरचा सार्वजनिक हातपंप किंवा गावाची विहीर. शेजारच्या शेतात कोणी अधिक खोल विंधन विहीर घेतली आणि खालचा जलधर थर एकच असला, तर पहिल्यांदा आटतो तो हाच हातपंप. पाणी कोणी नेले, हे डोळ्यांनी दिसत नाही. मोजणीने मात्र दाखविता येते.

याचसाठी 1993 साली राज्याने पेयजलाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येत नव्हती. पुढे 2009 च्या अधिनियमाने भूजलाच्या एकूण व्यवस्थापनाचाच विचार केला. परंतु कायदा आपल्या पायांनी वस्तीपर्यंत चालत येत नाही. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव 1924 सालीच केला होता. तो खरा करण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना आणि सहस्रावधी लोकांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. भूजलाच्या बाबतीतही कागद आणि पाणी यांतले अंतर जाणत्या नागरिकांनाच चालून पार करावे लागेल.

अलीकडे ही यंत्रणा आपले ज्ञान गावापर्यंत नेऊ लागली आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत देशातील सात राज्ये निवडली गेली आणि त्यांत महाराष्ट्रातील 13 जिल्हे समाविष्ट झाले. गावात पडलेले पाणी, मुरलेले पाणी आणि पिकांना लागणारे पाणी यांचा ताळेबंद ग्रामस्थांनी एकत्र बसून मांडावा, हे या योजनेचे सूत्र. मात्र त्या बैठकीला केवळ बागायतदारच बसले, तर तो ताळेबंद उसाचा होईल, गावाचा होणार नाही. शेतमजूर, महिला आणि वस्तीवरची माणसे तेथे असलीच पाहिजेत, आणि बोललीही पाहिजेत.

आपले माजी विद्यार्थी आज शिक्षक, ग्रामसेवक, अभियंते, ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्यांना आमची विनंती एवढीच : आपल्या परिसरातील निरीक्षण विहीर कोणती, याची जिल्हा कार्यालयात चौकशी करावी, तिच्या चारही मोजण्यांचे आकडे मिळवून समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या फलकावर लिहावेत, वस्तीच्या हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे, आणि ताळेबंदाच्या ग्रामसभेला वही घेऊन जावे. हातात आकडे असले, की मागणीला विनवणीचे रूप राहत नाही.