वेश्याव्यवसायाचे नियमन

वेश्याव्यवसायास कायद्याने मान्यता देऊन तो शासकीय नियंत्रणाखाली ठेवावा किंवा कसे, हा प्रश्न जुना आहे. सैनिकांमधील गुप्तरोगांना आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये १८६४ पासून, तर भारतात १८६८ च्या सांसर्गिक रोग अधिनियमान्वये वेश्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी होऊ लागली. ग्राहक मात्र तपासणीतून मुक्त राहिले. जोसेफिन बटलर (१८२८–१९०६) यांच्या चळवळीनंतर हे कायदे अनुक्रमे १८८६ व १८८८ मध्ये रद्द झाले.

आधुनिक कायद्यांत तीन पद्धती आढळतात. जर्मनीने २००२ मध्ये या व्यवसायातील करारांना मान्यता दिली व २०१७ मध्ये नोंदणी सक्तीची केली. स्वीडनने १९९९ मध्ये केवळ ग्राहकास दंडनीय ठरविले. न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांचा स्वेच्छेचा व्यवसाय गुन्ह्यांतून वगळला. भारतात १९५६ च्या अधिनियमानुसार कुंटणखाना चालविणे, दलाली इ. गुन्हे आहेत, वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही.

नियमनाने आरोग्य व संरक्षण मिळते, असे समर्थक मानतात. तथापि सक्तीच्या नोंदणीमुळे बदनामीच्या भीतीने अनेक स्त्रिया नोंदणीबाहेर राहतात आणि ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज असते, त्याच कायद्याच्या आश्रयास मुकतात, हा नियमनावरील प्रमुख आक्षेप होय.