40 टक्के नेमके असतात कुठं?

कंधारमधल्या कुठल्याही सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात किंवा शाळेच्या कार्यालयात विंडोजचा जो संगणक असेल, त्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’वर गेलात की एक रेघ वर-खाली होत पुढं सरकताना दिसेल. शेजारी आकडा असेल, समजा 40 टक्के. आपण म्हणतो, प्रोसेसर 40 टक्के कामात आहे.

आता मला सांगा, हे 40 टक्के त्या यंत्रात असतात कुठं?

कुठंच नसतात! प्रोसेसरच्या एका गाभ्याकडं एखाद्या क्षणी पाहता आलं, तर तो एकतर काम करत असेल, नाहीतर थांबलेला असेल. अर्धवट काम अशी अवस्थाच त्याला नाही. हाताशी काम नसलं की त्याला थांबायचा हुकूम सुटतो आणि कुणी कळ दाबली किंवा आतल्या घड्याळानं हाक मारली की तो पुन्हा उठतो. हे उठणं-थांबणं एका सेकंदात शेकडो वेळा होऊ शकतं. मग ही मऊ, वळणदार रेघ आली कुठून?

लिनक्समध्ये हे गुपित उघड्यावरच ठेवलेलं आहे. तिथं ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात ‘स्टॅट’ नावाची फाइल असते. गंमत बघा, ही फाइल डिस्कवर कुठंही लिहिलेली नाही. तुम्ही वाचायला मागितली की त्याच क्षणी ती तयार करून तुमच्या हातात दिली जाते. आत असतात नुसते वाढत जाणारे आकडे. यंत्र सुरू झाल्यापासून वापरणाऱ्याच्या कामात किती वेळ गेला, व्यवस्थेच्या कामात किती, रिकामा किती, हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलेलं असतं. म्हणजे हे अगदी लाइटच्या मीटरसारखं. मीटर कधी टक्के सांगत नाही. तो फक्त पुढं पळतो, आणि दोन रीडिंगांमधला फरक काढायचं काम आपलं. रिकाम्या वेळाचा आकडा आधी 8,400 होता, 5 सेकंदांनी 8,700 झाला. 5 सेकंदांचे भाग 500, त्यातले 300 रिकामे, उरलेले 200 कामाचे. झाले 40 टक्के! आलेखावरचा प्रत्येक ठिपका ही अशी एक वजाबाकी असते.

मीटरचे आकडे संपले की तो पुन्हा शून्यावर येतो, तसंच इथंही होतं. नेटवर्कवरून किती बाइट गेले हे मोजणारा 32 बिटांचा जुना मोजक 4,29,49,67,295 पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. नवं रीडिंग जुन्यापेक्षा लहान दिसलं की आलेख काढणारा प्रोग्रॅम ओळखतो, एक फेरी पूर्ण झाली. पण वेग वाढला तर? सेकंदाला 1 गिगाबिटच्या भरलेल्या लाइनवर हा मोजक साधारण 34 सेकंदांत फेरी मारतो. तुम्ही दर 5 मिनिटांनी रीडिंग घेत असाल, तर मधल्या आठ फेऱ्या झाल्याचा पत्ताच लागणार नाही, आणि आलेख मोठ्या आत्मविश्वासानं चुकीची रेघ काढत राहील. म्हणून 64 बिटांचे मोजक आले. त्याच लाइनवर त्यांना एक फेरी पुरी करायला साडेचार हजारांहून जास्त वर्षं लागतील.

पण ही रीडिंगं साठवायची कुठं? दर 5 मिनिटांनी एक म्हटलं तरी वर्षाला 1,05,120 होतात, आणि तीही एकाच मोजकाची. इथं मला फार आवडणारी एक युक्ती येते. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर यांनी 1995 मध्ये बाहेर जाणाऱ्या नेटवर्कच्या लाइनचा आलेख वेबवर दाखवणारा एमआरटीजी हा प्रोग्रॅम तयार केला. पुढं 1999 मध्ये अशी रीडिंगं साठवणारं त्यांचंच आरआरडीटूल आलं. त्याची फाइल पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच दहा वर्षांनीही राहते! कशी? जागा आधीच आखून ठेवलेली. एका दिवसासाठी 5 मिनिटांचे 288 आकडे, आठवड्यासाठी अर्ध्या तासाचे 336, महिन्यासाठी दोन तासांचे 360 आणि वर्षासाठी दिवसाचे 365. सगळे मिळून 1,349, म्हणजे जेमतेम 11 किलोबाइट. जागा भरली की सर्वांत जुन्या आकड्यावर नवा लिहायचा. कालचं बारकाईनं, गेल्या वर्षाचं ढोबळ. माणसाची आठवणही बरीचशी अशीच चालते, नाही का?

ढोबळ करताना मात्र जपावं लागतं. समजा, 5 मिनिटांतली 30 सेकंदं यंत्र 100 टक्क्यांवर अडकलं आणि उरलेला वेळ 10 टक्क्यांवर होतं. सरासरी येते 19. आलेख म्हणेल सगळं निवांत आहे, आणि समोर बसलेला माणूस म्हणेल माउस हलत नव्हता. दोघंही खरं बोलतायत! म्हणून आरआरडीटूलमध्ये सरासरीबरोबर त्या काळातला कमाल आकडाही वेगळा साठवता येतो. सरासरीचा भरीव पट्टा आणि त्यावर कमाल आकड्यांची बारीक रेघ असा आलेख काढला की लपलेला सुळका उभा राहतो.

टास्क मॅनेजरच्या आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, की असाच चमत्कार होतो. एका रेघेचे अनेक छोटे आलेख होतात. चार प्रोसेसर असतील, तर निवांत दिसणारे 25 टक्के म्हणजे एक पूर्ण जाम आणि तीन चक्क रिकामे, असंही निघू शकतं. आकडा तोच, गोष्ट निराळी.

आता हेच हजारो प्रोसेसरांचं झालं तर? त्यासाठी पुण्याला जाऊ. तिथं 1991 मध्ये सी-डॅकनं परम 8000 हा महासंगणक उभा केला होता. आज पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 11.77 पेटाफ्लॉप्स वेगाचा ‘अर्क’ हा महासंगणक आहे. संस्थेनं घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम 26 मे 2025 रोजी देशाला अर्पण झाली. ती हवामानाचं गणित 6 किलोमीटरच्या जाळीवर मांडते. पेरणी करावी की थांबावं, या कंधारच्या मन्याड नदीकाठच्या प्रश्नाचं उत्तर आता तिथल्या प्रोसेसरांच्या हिशेबातही असतं.

अशा गणितात जाळीचे तुकडे प्रोसेसरांना वाटून देतात. प्रत्येक पावलानंतर शेजाऱ्यांनी आपल्या सीमेवरचे वारे, ओलावा, तापमान एकमेकांना कळवायचं आणि मग पुढचं पाऊल टाकायचं. मन्याडच्या खोऱ्याचा तुकडा ज्याच्याकडं, त्याचं काम झालं तरी शेजारच्याचं व्हायचं असेल तर तो थांबतो. एक मागं राहिला की हळूहळू सगळेच खोळंबतात.

आणि सगळ्यांत मोठं नवल पुढं आहे. अशा महासंगणकांवर वाट पाहणारा प्रोसेसर पुष्कळदा झोपत नाही. निरोप आला का, आला का, असं अखंड विचारत राहतो. ते विचारणंही कामच मोजलं जातं! म्हणजे नुसता खोळंबलेला प्रोसेसरही आलेखावर 100 टक्के दिसतो. हजारो रेघा छताला चिकटलेल्या, आणि काम मात्र ठप्प.

मग बघायचं कसं? हजार रेघा एकावर एक काढल्या तर नुसतं जाळं होईल. त्याऐवजी प्रत्येक यंत्राला एक आडवी ओळ द्यायची आणि टक्क्यांऐवजी रंग भरायचा. मोजकही बदलायचा. प्रोसेसर किती वेळ कामात होता हे न विचारता, प्रत्येक ठोक्याला त्यानं खऱ्या गणिताच्या किती सूचना उरकल्या ते विचारायचं. हा हिशेब ठेवणारे मोजक प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच कोरलेले असतात. मग वाट पाहणाऱ्या शेकडो ओळी एका फिक्या रंगाच्या होतात, आणि ज्या एका यंत्रावर सगळे अडलेत त्याची ओळ तेवढी गडद उठून दिसते.