शाळा आणि पालक : लेखांक सातवा – कॅथलिक शाळेतील धर्मशिक्षण आणि पालकांची संमती

मागील लेखांकात शिक्षणाच्या माध्यमाचा विचार झाला. आज ज्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे तो नागपुरातील पुष्कळ घरांत प्रवेशअर्ज भरण्याच्या दिवसांत हलक्या आवाजात बोलला जातो, आणि एकदा मुलाचे नाव पटावर चढले की पुढे दहा वर्षे त्याची आठवणही कोणास राहत नाही. कॅथलिक संस्थेच्या शाळेत घातलेल्या मुलास तेथे धर्म म्हणून नेमके काय शिकविले जाते, आणि ते शिकविण्याची परवानगी कोणी दिलेली असते, हा तो प्रश्न होय.

प्रथम शाळा कोणाची हे ओळखावयास हवे. आपल्या विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही बालवर्गास ‘कॉन्व्हेंट’ म्हणण्याची रीत इतकी रुळली आहे की, ज्या शाळेच्या चालकांचा ख्रिस्ती धर्माशी सुतराम संबंध नाही तिच्या पाटीवरही ते नाव सर्रास आढळते. उलटपक्षी हिस्लॉप महाविद्यालय आणि बिशप कॉटन शाळा या संस्था खरोखरच ख्रिश्चनांनी उभारलेल्या, परंतु पहिली स्कॉटलंडच्या मिशनची आणि दुसरी अँग्लिकन परंपरेतील, म्हणजे दोन्ही प्रॉटेस्टंट घराण्यातल्या. धर्मप्रांताच्या अथवा एखाद्या कॅथलिक धर्मसंघाच्या व्यवस्थेखाली चालणारी तीच कॅथलिक शाळा. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधानाच्या ८०३ व्या कलमानुसार तर योग्य त्या धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून कोणत्याही शाळेस ते नाव धारण करता येत नाही. यास्तव प्रवेशाच्या वेळी शाळेचे नाव पाहून अनुमान न बांधता, तिची संचालक संस्था कोणती हे दफ्तरात विचारून घ्यावे.

नागपुरात या शाळांचा जम बसविला तो सॅव्हॉय प्रांतातील अ‍ॅनसी गावाहून आलेल्या धर्मगुरूंनी. पीटर मर्मिए यांनी १८३८ मध्ये स्थापिलेला संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचा हा संघ १८४५ मध्ये भारतात आला आणि विशाखापट्टणमहून त्याचे कार्य नागपूर प्रांतापर्यंत पोहोचले. सदरमधील सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची, आणि नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ चा. कामठीच्या छावणीतील मद्रासी पलटणींबरोबर आलेली तमिळ कुटुंबे आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर तिच्या नोकरीनिमित्त स्थायिक झालेले अँग्लो-इंडियन व गोवेकर, अशा विखुरलेल्या कॅथलिक वस्तीला या शाळांचा मोठा आधार झाला. आज त्याच शाळांच्या वर्गांत बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध, जैन आणि मुसलमान घरांतील असतात. त्यामुळेच वेळापत्रकातील एकाच तासाला वर्गाच्या दोन वाटा होतात : कॅथलिक मुले धर्मशिक्षणास जातात आणि उरलेली ‘मॉरल सायन्स’ अथवा मूल्यशिक्षण या नावाच्या पाठास बसतात.

या दोन वाटा मुळात निराळ्या आहेत आणि त्या निराळ्या राहाव्यात, ही पालकांची पहिली अपेक्षा असली पाहिजे. धर्मशिक्षणाचा विषय श्रद्धा हा आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे जे चार भाग आहेत, म्हणजे विश्वासांगीकार, सात संस्कार, दहा आज्ञांसह नैतिक जीवन आणि प्रार्थना, त्यांचेच बालबोध रूप त्या तासाला शिकविले जाते. मूल्यशिक्षणाचा विषय आचरण हा आहे. प्रामाणिकपणा, दया, श्रमाची प्रतिष्ठा, वडिलधाऱ्यांचा आदर. रोमच्या शिक्षणविषयक कार्यालयाने १९८८ मध्ये काढलेल्या पत्रकातही शालेय धर्मविषयक अध्यापन आणि श्रद्धासंवर्धन यांत भेद केलेला आहे : पहिल्याचा हेतू ज्ञान देणे हा, दुसऱ्याचा हेतू श्रद्धेत वाढविणे हा. मूल्यशिक्षणाच्या तासाला येशूने सांगितलेली एखादी दृष्टान्तकथा आली, तर तीत हरकत घेण्यासारखे काही नाही. ती कथा ज्ञानेश्वरीतील दृष्टान्ताइतकीच सर्वांची आहे. परंतु त्या कथेच्या अंती मुलाकडून एखाद्या मताचा स्वीकार अपेक्षिला जाऊ लागला, तर मात्र वाट बदलली असे समजावे.

आता संमतीकडे वळू. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाची तरतूद आपल्याकडील फार थोड्या पालकांनी वाचलेली असते. राज्याच्या निधीतून पूर्णतः चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण शासनाने मान्यता दिलेल्या अथवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्थेतील कोणाही व्यक्तीस तेथील धर्मशिक्षणात भाग घेण्याची वा तेथील उपासनेस हजर राहण्याची सक्ती तिच्या, आणि ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाच्या, संमतीवाचून करता येणार नाही, हा तिसरा खंड बहुधा दृष्टीआड राहतो. तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्यांना आपल्या संस्था स्थापून त्या चालविण्याचा हक्क दिला, आणि अठ्ठाविसाव्याने त्या संस्थेच्या दारातून आत येणाऱ्या परधर्मीय मुलाचे संरक्षण केले. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा राज्याच्या शाळांत धर्मशिक्षण का नको याची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन कारणे दिली : करदात्यांचा पैसा एका धर्मासाठी वापरला जाऊ नये, या देशात धर्म इतके आहेत की सर्वांची सोय करणे अशक्य, आणि आपलाच मार्ग तारक असे प्रत्येक धर्म म्हणत असल्याने शाळेची शांतता भंगेल. ज्या शहरात १९५६ मध्ये बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरातील बौद्ध आई-बापांस या तिसऱ्या खंडाचे महत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या मुलाने कोणासमोर हात जोडावेत याचा निर्णय त्यांनी मोठे मोल देऊन स्वतःकडे घेतलेला आहे.

विशेष म्हणजे रोमचा कायदाही याच ठिकाणी येऊन पोहोचतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात मुलांना कोणते धर्मशिक्षण द्यावयाचे हे ठरविण्याचा हक्क आई-बापांचा आहे, आणि त्यांच्या श्रद्धेशी न जुळणाऱ्या पाठांस मुलांना बळेच बसविणे हा त्या हक्काचा भंग आहे, असे निःसंदिग्ध सांगितले आहे. धर्मविधानाचे ७९३ वे कलम मुलांच्या शिक्षणाचे कर्तव्य आणि हक्क आई-बापांकडे सोपविते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, संविधानाची उद्देशिका रोज म्हणावी आणि सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनाकक्ष असावा, असे म्हटले. म्हणजे हरकत घेणारा पालक मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो तेव्हा तो केवळ सरकारी कायद्याचा हवाला देत नसतो. शाळेच्या स्वतःच्या धर्मसंस्थेचा शब्दही त्याच्या बाजूला असतो. हे जाणून बोलणाऱ्याचा स्वर आपोआप सौम्य होतो, आणि सौम्य स्वराने या बाबतीत पुष्कळ काम होते.

मिशनच्या शाळांतून मुलांना धर्मांतराकडे वळविले जाते, हा संशय नागपुरात जुना आहे. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी येथे असताना, १९५४ मध्ये, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. मिशनच्या शाळाही तिच्या चौकशीच्या कक्षेत होत्या. त्या अहवालाने उठविलेला वाद अद्याप शमलेला नाही. माझे मत असे की, संशयाचे निरसन अहवालांनी होत नाही, ते वेळापत्रक उघडे ठेवल्याने होते. कोणत्या तासाला, कोणत्या पुस्तकावरून, कोण शिकवितो, ही माहिती शाळेने न मागता द्यावी, आणि धर्मशिक्षणाची संमती प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत न दडविता स्वतंत्र कागदावर घ्यावी. ज्या मजकुरावर सही करतो तो पालकांनीही वाचावा.

तथापि अपेक्षेला मर्यादाही आहे. शाळेच्या भिंतीवरील क्रूस काढावा, प्रातःप्रार्थनेतून देवाचे नाव वगळावे किंवा नाताळचा सोहळा करू नये, असे म्हणण्याचा अधिकार परधर्मीय पालकास पोहोचत नाही. तो त्या संस्थेचा स्वभाव आहे आणि आपण तो पाहूनच तेथे गेलो. प्रार्थनेच्या वेळी मुलाने शांत उभे राहावे, शब्द उच्चारावेत की नाही हे घरात ठरावे. केरळमधील तीन मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही श्रद्धेमुळे ते म्हटले नाही म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. राष्ट्रगीताच्या बाबतीत जे मान्य झाले, ते प्रार्थनेच्या बाबतीत नाकारण्याचे कारण दिसत नाही.

आणि कॅथलिक पालक? खरे सांगावयाचे तर मला अधिक काळजी त्यांचीच वाटते. परधर्मीय पालक निदान प्रश्न तरी विचारतो. कॅथलिक पालक मात्र फी भरून आपल्या मुलाच्या श्रद्धेचे मुखत्यारपत्रच शाळेच्या स्वाधीन करतो आणि निश्चिंत होतो. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी मूल साधारण सात वर्षांचे झाले की त्यास प्रथम ख्रिस्तप्रसादास पात्र मानावे असे ठरविले, तेव्हापासून हा संस्कार शालेय वयातच येऊ लागला आणि शाळाच त्याची तयारी करून घेईल, असा समज हळूहळू दृढ झाला. परंतु धर्मविधानाचे ९१४ वे कलम त्या तयारीची जबाबदारी प्रथम आई-बापांवर आणि धर्मग्रामाच्या गुरूंवर टाकते. आठवड्यातील एक-दोन तासिकांत शाळा मुलास आज्ञा आणि संस्कार यांची नावे पाठ करून देऊ शकेल; संध्याकाळी दिवा लागल्यावर घरातली माणसे एकत्र बसून माळेची प्रार्थना करतात की नाही, यावर शाळेचा काय हुकूम चालणार?

नागपुरात यात भाषेची आणखी एक अडचण आहे. कामठीच्या तमिळ घरातील, मल्याळी रेल्वे कर्मचाऱ्याच्या अथवा मराठी ख्रिस्ती घरातील मूल शाळेत सर्व प्रार्थना इंग्रजीत शिकते, आणि आजीबरोबर गुडघे टेकले की त्याला शब्द सापडत नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी ओळखला होता. गोव्यातील नवख्रिस्ती जनांसाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप लहानसे धर्मशिक्षण रचले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. आणि तेवढ्यावर न थांबता १६१६ मध्ये मराठी ओवीत विस्तृत ‘क्रिस्तपुराण’ही प्रसिद्ध केले. प्रश्नोत्तरे पाठ करण्यासाठी होती. पुराण घरी आणि देवळात ऐकण्यासाठी होते. शाळा पहिले काम करील अशी अपेक्षा करणे रास्त आहे, दुसरे मात्र घरच्या बोलीत घरीच व्हावयास हवे. ज्यांना कॅथलिक शाळेत प्रवेश मिळाला नाही त्यांनीही निराश होऊ नये. ७९८ वे कलम अशा पालकांस शाळेबाहेर मुलाच्या धर्मशिक्षणाची तजवीज करावयास सांगते, आणि रविवारच्या मिस्सेनंतर भरणारे धर्मवर्ग त्याचसाठी आहेत.

शाळेस विचारावयाचे एवढेच की धर्मशिक्षणाच्या तासाला शिकविणारी व्यक्ती स्वतः त्यासाठी तयार झालेली आहे की केवळ रिकामा तास मिळाला म्हणून नेमलेली आहे, आणि मुलाने शंका विचारली तर तिचे स्वागत होते की तिला उद्धटपणा समजले जाते. वर्षातून एकदा होणाऱ्या पालकसभेत गणिताच्या गुणांइतक्याच गंभीरपणे हे विचारले गेले, तर शिक्षकांनाही ते हवेच आहे.

पुढील लेखांकात अल्पसंख्य संस्थांतील प्रवेशांचा आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले त्याच्या परिणामांचा विचार करू.