वस्ताद, ट्रेनर आणि मापाचा प्रश्न

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीजवळ उभं राहून जोर-बैठकांवर काय बोलायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आमचा आजचा विषय आहे शिकवणारा माणूस. पर्सनल ट्रेनर हा शब्द शहरातून आला, आता बीडमध्येही ऐकू येतो. एका माणसानं दुसऱ्या एकाच माणसाच्या शरीराची जबाबदारी घ्यायची, हे काम मात्र आपल्याकडे जुनं आहे. तालमीत त्याला वस्ताद म्हणतात आणि शिकणाऱ्याला पठ्ठा.

या कामाची खरी अडचण ॲरिस्टॉटलनं फार नेमकी पकडली आहे. नीतिशास्त्र सांगताना त्यानं दाखला घेतला तो थेट आखाड्यातला. मिना हे ग्रीकांचं वजनाचं माप. समजा, दहा मिना अन्न फार होतं आणि दोन मिना कमी पडतं. मग प्रशिक्षकानं मधले सहा सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं का? नाही. मायलोसारख्या नामांकित मल्लाला सहा पुरणार नाहीत आणि नवशिक्याला तेच जड जातील. म्हणजे बघा, गणितातला मध्य सगळ्यांना सारखा, पण माणसासाठीचा मध्य माणसागणिक वेगळा. आपल्याकडे यालाच अधिकारभेद म्हणतात. इथला अधिकार म्हणजे पात्रता, साहेबाचा अधिकार नव्हे! वीरशैव परंपरेतलं षट्स्थलही भक्तापासून ऐक्यापर्यंत सहा पायऱ्या सांगतं. समोरचा कोणत्या पायरीवर उभा आहे, हे ओळखल्याशिवाय पुढचं कसं सांगणार?

आता हे बीडच्या मैदानावर आणा. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर धावावं लागतं, मुलींना आठशे. परीक्षेचं माप सगळ्यांना एक, आणि ते तसंच असायला हवं. घोटाळा होतो तो पुढे. माप एक म्हणून तयारीही एकच केली जाते. पहाटे पन्नास पोरं एका ओळीत उभी, शिट्टी वाजली की सगळ्यांना तेवढ्याच फेऱ्या. त्यात एखादा सहा महिने ऊसतोडीवर कोयता चालवून आलेला असतो. त्याचे खांदे तयार, पाठ आधीच थकलेली आणि पळण्याची सवय मोडलेली. शेजारचा दोन वर्षं अभ्यासिकेत बसून आलेला. दोघांना एकच फेरी द्यायची म्हणजे एकाची नडगी दुखणार आणि दुसऱ्याचा दम. मग नडगीवर पट्टी बांधून पोरगं पुन्हा पळतं, कारण वडिलांनी उचल घेऊन फी भरलेली असते.

चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी वजन उचलायला लावत नाही. तो विचारतो. झोप किती, काम काय करता, गुडघा कधी दुखावला होता का, घरी जेवण कसं असतं. जुन्या वस्तादाला हे विचारावं लागत नसे. पठ्ठे तालमीतच राहत, मेहनत, खुराक, झोप सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. जिममधल्या ट्रेनरच्या हातात एक तास असतो, बाकीचे तेवीस दिसत नाहीत. म्हणून त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि उत्तर ऐकून आपला तक्ता बदलता आला पाहिजे. पहिल्याच भेटीत पावडरचा डबा पुढे करणारा ट्रेनर आम्हाला दुकानदार वाटतो.

उदाहरण घ्यायला लांब जायला नको. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे रस्ता जातो. तिथल्या राहुल आवारेनं १२ एप्रिल २०१८ रोजी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवून सुवर्ण मिळवलं. त्याचे पहिले गुरू वडील, बाळासाहेब आवारे, स्वतः पैलवान. आमच्या मते त्यांचं सगळ्यात मोठं शिकवणं म्हणजे मुलाला पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांकडे सोपवणं. इथून पुढचं माझ्याच्यानं होणार नाही, हे बापाला कळणं सोपं नसतं. ट्रेनरलाही नसतं. त्याचं तर पोटच त्या पठ्ठ्यावर चालतं.

बिराजदारमामा लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९चे महाराष्ट्र केसरी, १९७०च्या एडिंबरा राष्ट्रकुलचे सुवर्णविजेते. ज्या सतपालना त्यांनी चीत केलं, त्यांनीही पुढे दिल्लीत सुशील कुमार घडवला. मामा २०११मध्ये गेले. पदक आलं सात वर्षांनी. मधल्या काळात राहुल काका पवारांच्या कात्रजच्या संकुलात घडत होता. पवारही मामांचेच पठ्ठे. त्यामुळे हात बदलला तरी नजर तीच राहिली असावी, असं आम्हाला वाटतं. २०१६ला रिओची संधी हुकली, तेव्हा कुस्ती सोडण्याइतकं निराश होण्याचंच वय होतं. राहुलनं गोल्ड कोस्टचं पदक मामांना अर्पण केलं.

पुढच्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत त्याला कांस्य मिळालं, तेही ६१ किलोत. हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. म्हणजे ऑलिम्पिकसाठी पुन्हा ५७ला उतरायचं, किंवा थेट ६५च्या तगड्या गड्यांशी भिडायचं. ते चार किलो कमी करताना ताकद किती जाईल, याचा आकडा कोणत्याच पुस्तकात नसतो. तो त्या एका पैलवानाला रोज पाहणाऱ्यालाच सांगता येतो, आणि त्यालाही अंदाजानंच.

इथे भरतीची मुलं बसली आहेत. त्यांचे प्रश्न आधी घेऊ.