लग्नाची फिल्म फोनवर का दिसत नाही?

मुलीच्या लग्नाची फिल्म घरात असते, पण फोनवर लावली तर नुसता आवाज येतो, चित्र दिसत नाही. अशा वेळी फाईल बिघडली असे समजून ती पुसून टाकू नये.

फाईलच्या नावाशेवटची एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही अक्षरे म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी. आत चित्र आणि आवाज कोणत्या रीतीने दाबून भरले आहेत, ही गोष्ट निराळी. त्या रीतीला कोडेक म्हणतात. ती फोनला उमगली नाही, तर चित्र उमटत नाही. चिठ्ठी बदलून ज्वारीचा गहू होत नाही. तसेच फाईलचे नुसते नाव बदलून भागत नाही.

उपाय सोपा आहे. व्हीएलसी हा प्लेअर बहुतेक सर्व प्रकार चालवतो. १९९६ साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतलेल्या कामातून तो निघाला. त्याला पैसे पडत नाहीत, त्यात जाहिरातीही नाहीत. तो प्ले स्टोअरमधूनच घ्यावा. अनोळखी लिंकवरून काही घेऊ नये.

तरीही चित्र अडखळले, तर जाणत्या मुलाकडून संगणकावर एमपी४ प्रत करून घ्यावी. मूळ फाईल मात्र बियाण्यासारखी जपावी. प्रतीत थोडा कस उतरतोच.